गाव उजळणारी कासिल्दा

आमच्या बेटावरच्या अझुआ गावात कुणाच्याही घरी जा, बैठकीच्या भिंतीवर एक आजी आणि एक आजोबा चौकटीत टांगलेले दिसतील, आणि दोघेही गोरे असतील. खाली खुर्च्यांत बसलेली नातवंडं दालचिनीच्या, कॉफीच्या, भाजलेल्या कोकोच्या रंगाची, आणि वर भिंतीवर कालच स्पेनच्या बोटीतून उतरल्यासारखी माणसं. आल्यागेल्याला त्यात काही खटकत नाही, कारण त्याच्याही भिंतीवर तेच असतं. ही सगळी गोरी माणसं एकाच बाईच्या हातची. ती माझी शेजारीण, कासिल्दा.

ती स्वतः चांगलीच काळी आहे. ओळखपत्र काढायला गेली तेव्हा रंगाच्या रकान्यापाशी कारकुनाचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि ‘गडद इंदिओ’, म्हणजे बेटावरच्या मूळ आदिवासींच्या रंगाची, असं लिहून टाकलं. आमच्याकडे काळा असा रंग कुणाचाच नसतो. कुणी गव्हाळ असतो, कुणी दालचिनी, बाकीचे सगळे इंदिओ. काळे ते सीमेपलीकडचे, हैतीचे. एवढं सोपं करून ठेवलेलं आहे.

आज कासिल्दाकडे कुणी जुना फोटो घेऊन आलं की ती आधी एक प्रश्न विचारते, ‘जसे होते तसे करू, की जसे हवे होते तसे?’ काहीजण हसतात, काही रागावून उठून जातात. एकीने तर फोटो पदराआड केल्यासारखा पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, ‘तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?’ कासिल्दा तेवढ्याच शांतपणे पुढच्या माणसाला विचारते. हा प्रश्न विचारायला तिला एकतीस वर्षं लागली. तो कसा आला ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

वयाच्या विसाव्या वर्षी ती अबेलार्दोच्या फोटो स्टुडिओत लागली. पुढे काउंटरवर गोरी पोरगी बसायची, कासिल्दा मागच्या खोलीत. अबेलार्दोने तिला कामाचा पहिला धडा दिला तो असा, की माणूस जसा आला तसा परत करायचा नाही. जुना फोटो काळवंडलेला असला की तो औषधाच्या पाण्यात सोडायचा. चेहरा हळूहळू फिका होत जाई. नेमका कधी बाहेर काढायचा ही खरी कला. मग त्याचा मोठा फोटो करायचा आणि त्यावर तैलरंग हलक्या हाताने चढवायचे. नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली दिली की नाक बारीक होतं. ओठांची कड थोडी आत घेतली की ओठ पातळ होतात. केसांवर सरळ रेघा. तिच्या पेटीत त्वचेच्या रंगाच्या पाच ट्यूबा होत्या आणि त्यातली सगळ्यात गडद ट्यूब होती मधाच्या रंगाची.

आणि हात काय होता तिचा. माणसाच्या डोळ्यांतला भाव ती कधी बिघडवायची नाही. रागीट आजोबा गोरे व्हायचे, पण तितकेच रागीट राहायचे. माझ्या लग्नाच्या फोटोत मी जी दिसते ती बाई माझ्याहून दोन छटा उजळ आहे, पण घाबरलेली अगदी माझ्यासारखीच आहे. म्हणून तर लोक राजधानी सोडून तिच्याकडे फोटो द्यायचे.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत योकास्ता तिच्याकडे आली. ही आमच्या शाळेतली चौथीची बाई. आई वारून वर्ष होत आलं होतं, अंगावर अजून काळे कपडे. आमच्यात वर्ष भरलं की मोठी प्रार्थना असते: घरात पांढऱ्या कापडाची तीन पायऱ्यांची वेदी मांडतात, त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, पाण्याचा पेला, मेणबत्त्या. प्रार्थना सांगणारी बाई येते, सगळा गोतावळा जमतो, बकऱ्याचं मटण शिजतं, आणि त्या दिवसापासून काळे कपडे सुटतात. तोमासीनाबाईंचा एकच फोटो होता, तीस वर्षांपूर्वी जत्रेत काढलेला, सिगारेटच्या पाकिटाएवढा. डोक्याला रुमाल, कानात कडी, चेहरा जवळजवळ सगळा काळोखात.

‘मावशी, छान करा,’ योकास्ता म्हणाली. ‘माझ्या नवऱ्याकडची माणसं येणार आहेत.’

एवढं पुरे होतं. कासिल्दाने फोटो पाण्यात सोडला, वेळेवर काढला, मोठा केला, रंगवला. आठवड्याभरात तोमासीनाबाई मधाच्या रंगाच्या, सरळ नाकाच्या, सोज्ज्वळ बाई होऊन सोनेरी चौकटीत बसल्या. योकास्ता खूश झाली. फोटो घेऊन ती थेट वडिलांकडे गेली.

म्हातारे एवारिस्तो त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे. गावाबाहेर ओरेगानोच्या झुडपांत त्यांच्या बकऱ्या चरत. ते स्वतः चांगले उजळ, डोळे हिरवट. बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी सकाळी कासिल्दा माझ्या ओट्यावर वाटाणे सोलायला बसली होती तेव्हा ते चौकट काखेत मारून आले. मागे योकास्ता, जवळजवळ पळत.

त्यांनी चौकट ओट्यावर उभी केली.

‘कासिल्दा, ही बाई कोण?’

‘काका, तोमासीनाबाई. तुमच्या.’

‘माझी नाही. हिला मी ओळखत नाही.’

‘बाबा, असं काय करता?’ योकास्ता म्हणाली. ‘फोटो छान दिसायला नको का?’

‘छान आहे की. कुणाची तरी बायको असेल. ज्याची असेल त्याला देऊन टाका.’ मग ते कासिल्दाकडे वळले. ‘पोरी, तुला ठाऊक आहे का, मी तोमासीनाला घरी आणली तेव्हा माझी आई अकरा वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायली नाही. वंश सुधारायचा सोडून बुडवायला निघालास म्हणाली. अकरा वर्षं मी आईशी भांडलो या चेहऱ्यापायी. आणि तू आठ दिवसांत, एका ब्रशने, आईला हवी होती ती सून करून दिलीस.’

कासिल्दाने मान वर केली नाही.

‘पहिला फोटो मला परत दे,’ म्हातारे म्हणाले.

तेव्हा तिला सांगावं लागलं की पहिला फोटो तसा राहिला नाही. पाण्यात उजळून गेलेला परत गडद होत नाही. नाक, डोळे, रुमाल सगळं आहे, पण रंग गेला तो गेला.

एवारिस्तो म्हणाले, ‘ठीक. त्या दिवशी प्रार्थना करा तुम्ही. मी बकऱ्या घेऊन जाईन. परक्या बाईपुढे गुडघे टेकायला मी येणार नाही.’

योकास्ताचा तोल तिथे सुटला. आवाज मात्र तिने चढवला नाही.

‘तुम्हाला सोपं आहे बाबा. तुम्हाला कधी कुणी बसमधून उतरवलं नाही. मला दोनदा उतरवलंय, नाक्यावर, हैतीची समजून. शाळेचं ओळखपत्र दाखवलं तर शिपाई म्हणाला, मॅडम, हे कुणाकडून छापून आणलंत? पोरं माझ्यामागे वर्गात काय म्हणतात ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आई सांगायची, नाकाला चिमटा लाव, उन्हात जाऊ नको, दर शनिवारी केस सरळ करून घे. हे आईनेच शिकवलं मला. मग तिला एकदा तरी चांगलं दिसू दे ना. मेल्यावर तरी.’

म्हाताऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. त्यांनी चौकट तिथेच सोडली आणि निघून गेले. योकास्ता त्यांच्यामागे गेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात जाऊन तिने तोंड धुतलं, चौकट उचलली आणि शाळेला गेली.

मी कासिल्दाची समजूत घालायला लागले. तुझी काय चूक, ज्याने सांगितलं त्याचं काम तू केलंस, सगळं गाव असंच करतं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘शेजारणी, तिने छान करा म्हटलं होतं. गोरी करा म्हटलं नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही.’

प्रार्थनेला अकरा दिवस होते.

तिने उजळलेल्या फोटोचा पुन्हा एक मोठा फोटो काढून घेतला आणि नवा चेहरा रंगवायला बसली. अबेलार्दोला कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘वेडी झालीस का? असलं चित्र माझ्या दारातून बाहेर गेलं तर उद्या इथे कोण येईल?’ तिने रंगांची पेटी उचलली आणि घरी, आमच्या दोघींच्या घरांमधल्या अंगणात, आंब्याखाली टेबल मांडलं. त्यामुळे पुढचं सगळं मला दिसत राहिलं.

पहिल्या दिवशी तिने मधाच्या रंगात तपकिरी मिसळला. दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन एवारिस्तोंच्या अंगणात गेली. मीही सोबत गेले, कारण ती एकटी जायला घाबरत होती. म्हातारे बकरीच्या खुरातला काटा काढत होते.

‘अजून,’ ते म्हणाले.

तिथेच बसून तिने आणखी गडद केलं.

‘अजून.’

तिने आणखी केलं. तिचा हात कुठे थांबतो ते मला दिसत होतं. एका ठरावीक जागेला आला की ब्रश आपोआप उचलला जायचा, जसा घोडा ओढ्यापाशी थांबतो. एकतीस वर्षांची सवय होती ती.

‘भिऊ नको,’ म्हातारे म्हणाले. ‘ती रागावणार नाही. अजून.’

तिने वैतागून काळा रंग घेतला आणि गालावर फासला. म्हाताऱ्यांनी लांब धरून पाहिलं. ‘हा कोळसा झाला. ती कोळसा नव्हती.’

‘मग कशी होती, काका?’ कासिल्दाचा आवाज चढला. ‘मला सांगा ना कशी होती. मला असे चेहरे रंगवायला कुणी शिकवलंच नाही. माझ्याकडे कुणी मागितलेच नाहीत.’

म्हातारे विचारात पडले. चाळीस वर्षं ज्या चेहऱ्यासमोर जेवले त्याचं वर्णन करायला शब्द शोधत होते. ‘विहिरीवरून यायची ना,’ ते म्हणाले, ‘तेव्हा कपाळावर निळं दिसायचं. आणि इथे,’ त्यांनी स्वतःच्या कानशिलाला बोट लावलं, ‘इथे लालसर. तापली की. रागावली की जास्त.’

‘निळं?’

‘निळं. मी काय खोटं सांगतो?’

परतताना कासिल्दा धुसफुसत होती. म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय, चेहऱ्यावर कधी निळं असतं का, असं रस्ताभर चाललं होतं. मी तिला कॉफी दिली. कॉफी न पिता ती कामाला बसली, आणि दोन दिवस नुसते चेहरे बिघडवत राहिली. एक मातीच्या मडक्यासारखा झाला, एक बुटाच्या पॉलिशसारखा. तिने ते कापडाने पुसून काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणातल्या हौदावर ब्रश धूत होती. बाह्या कोपरापर्यंत वर, हातावर पाणी, वरून ऊन. बराच वेळ ती हलली नाही तेव्हा मी खिडकीतून विचारलं, ‘काय झालं गं?’

‘इकडे ये,’ ती म्हणाली.

तिने हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत जिथे ऊन पडलं होतं तिथे निळी झाक होती, पावसाळी आभाळासारखी. हात वळवला की ती सरकत होती. खाली लाल, त्याखाली पिवळट, आणि सावलीत वांग्याच्या सालीसारखा रंग.

‘एक्कावन्न वर्षं हा हात वापरतेय,’ ती म्हणाली. ‘याच हाताने सगळं गाव रंगवलं. आणि याच्यावर निळा आहे हे मला आज कळलं.’

मी तिचा हात तीस वर्षं रोज पाहत होते, मलाही कळलं नव्हतं. कॉलेजात शिकलेली मी.

त्यानंतर ती टेबलाशी बसली ते डाव्या बाहीची घडी वर करून, हात उन्हात ठेवूनच. ब्रश मारायची, हाताकडे पाहायची, पुन्हा ब्रश. उजेड पडतो तिथे पांढरा लावायची जुनी सवय होती, तो हात तिने स्वतः धरून ठेवल्यासारखा मागे घेतला आणि निळ्याचा एक थेंब लावला. नाकाच्या बाजूंना सावल्या तिने दिल्याच नाहीत. नाक रुंद होतं, रुंद राहिलं. ओठांना त्यांची कड परत दिली. रुमालाखालून कानशिलापाशी सुटलेले कुरळे केस एकेक करून वळवले. तिच्या हातून इतकं सावकाश झालेलं काम मी पाहिलेलं नाही. स्टुडिओत ती दिवसाला चार चेहरे काढायची. या एकाला सहा दिवस लागले.

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी ती योकास्ताकडे गेली. वडिलांकडे नाही, मुलीकडे आधी. मला म्हणाली, ‘काम तिने दिलं होतं. तिला आधी दाखवायला हवं. तिने नको म्हटलं तर वेदीवर जाणार नाही.’

योकास्ता केस गुंडाळून बसली होती, दुसऱ्या दिवसासाठी. तिने चित्रावरचं कापड काढलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं ती आता रडेल किंवा आम्हाला बाहेर काढेल. तिने विचारलं, ‘हे निळं कुठून आणलंत, मावशी?’

‘माझ्या हातावरून,’ कासिल्दा म्हणाली. ‘तुझ्याही आहे. उन्हात जाऊन बघ.’

‘उन्हात जायला आईची मनाई आहे,’ योकास्ता म्हणाली, आणि तिला तिचंच हसू आलं. मग गंभीर होऊन म्हणाली, ‘माझ्या सासूबाई काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.’

‘मलाही ठाऊक आहे.’

‘ते मधाच्या रंगाचं मी परत देणार नाही हां. ते माझ्या घरी लावणार. मला तेही आवडतं.’

‘ठेव,’ कासिल्दा म्हणाली. ‘ते तुझ्यासाठीच केलं होतं. हे काकांसाठी आहे.’

कुणी कुणाला पटवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या वेदीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर गडद चेहऱ्याची तोमासीना होती, आणि ती योकास्तानेच स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती.

घर माणसांनी भरलं. अंगणात मटणाचा मोठा टोप, ओरेगानोचा वास, आल्याची कॉफी फिरत होती. सासूबाई आल्या, वेदीसमोर क्रुसाची खूण केली, वर पाहिलं आणि सुनेच्या कानात म्हणाल्या, तरी आम्हाला ऐकू आलं, ‘फोटोवाल्याने फारच गडद केलं गं. सांगून उजळ करून घ्यायचं होतंस.’

‘सांगितलं होतं,’ योकास्ता म्हणाली. ‘मग बदलून घेतलं.’

सासूबाईंना हे नीट कळलं नाही, त्या कॉफी घ्यायला गेल्या. तोमासीनाबाईंची एक म्हातारी आतेबहीण मात्र चित्रासमोर येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘अगं, ही माझ्याकडून पातेलं घेऊन गेली ते अजून परत केलेलं नाही,’ असं तिने चित्रालाच सुनावलं, आणि अर्धं घर हसलं.

प्रार्थना सांगणारी बाई माळ हातात घेऊन बसली. दहा वाजले. एवारिस्तो आले नव्हते. त्यांच्या बकऱ्याही गोठ्यात नव्हत्या. योकास्ता दोनदा दारापर्यंत जाऊन आली. कासिल्दा स्वयंपाकघरात कप धूत उभी होती, बाहेर यायला तयार नव्हती.

‘सुरू करू का?’ प्रार्थनावाल्या बाईने विचारलं.

‘थोडं थांबा,’ योकास्ता म्हणाली. ‘मी त्यांना निरोप पाठवलाय. फक्त बघून जा म्हटलंय.’

साडेदहाच्या सुमारास घंटांचा आवाज आला. बकऱ्या रस्त्यावरच सोडून ते आत आले, पायांना धूळ, अंगावर कामाचाच सदरा. लोकांनी वाट दिली. ते वेदीपासून दोन हातांवर उभे राहिले आणि हॅट काढली नाही. मी जाऊन कासिल्दाला हाताला धरून बाहेर आणली. तिच्या बोटांवरून साबणाचं पाणी गळत होतं.

म्हातारे पाहत होते. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग वळून त्यांनी गर्दीत कासिल्दाला शोधलं.

‘कान मोठा झालाय,’ ते म्हणाले.

कासिल्दाने ओले हात झग्याला पुसले. ‘काका, कानाचा आकार मी बदललेला नाही. रंग दिला तेवढाच. कान जत्रेतल्या फोटोत होता तेवढाच आहे.’

‘मोठा आहे.’

‘होता, काका.’

ते परत वळले. कानाकडे, कडीकडे पाहत राहिले. योकास्ताने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी तिचा दंड दाबला.

‘होता खरा,’ शेवटी ते म्हणाले. ‘एका वर्षात मीही तिला थोडी सुधारून घेतली की काय कोण जाणे.’

त्यांनी हॅट काढली. सगळे बसायला जागा देत होते, पण त्यांनी मागची एक वेताची खुर्ची स्वतः ओढत आणली आणि वेदीच्या अगदी जवळ ठेवली, जेवायला बसतात तितक्या जवळ. योकास्ता त्यांच्या बाजूला जमिनीवर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सरळ करून चापूनचोपून बसवलेले केस होते, ते त्यांनी पार विस्कटून टाकले आणि तिने ते विस्कटू दिले.

‘करा सुरू,’ ते चित्रावरची नजर न काढता प्रार्थनावाल्या बाईला म्हणाले. ‘आम्ही दोघं आलोय.’